स्पिरिटचा स्टो: आधी इंधन, मग बर्नर

गेल्या दीड वर्षात मी स्पिरिटवर चालणारे चार बर्नर आणि बाटलीतून किंवा डब्यातून मिळणारी पाच इंधने वापरून पाहिली. त्यांपैकी एक बर्नर आणि एक इंधन एवढेच आता माझ्या सॅकमध्ये उरले आहे. बाकीचे काही कपाटात पडून आहे, काही मोडीत गेले, आणि एक बाटली तर जिथून आणली त्याच दुकानाच्या काउंटरवर मी परत ठेवून आले. नाशिकहून शनिवारी पहाटे निघून हरिहर, धोडप, साल्हेर किंवा कळसूबाई करून रविवारी रात्री घरी परतणाऱ्या एक-दोन माणसांना चहा, उपमा, शेवया आणि गरम पाणी एवढे जमवायचे असेल तर त्यासाठी काय घ्यावे, हा या परीक्षणाचा विषय आहे. आठ-दहा जणांचे पिठले-भात करायचे असेल तर स्पिरिटच्या वाटेला जाऊ नये, हे पहिल्यांदाच सांगून टाकते.

बहुतेक जण चित्र पाहून ऑनलाइन बर्नर मागवतात आणि तो घरी आल्यावर त्यात घालायचे काय याचा शोध सुरू करतात. मीही तेच केले आणि तिथेच फसले. आपल्या गावात कोणते इंधन, कोणत्या शुद्धतेचे, किती भरवशाने मिळते हे आधी ठरवावे लागते, कारण चांगले स्पिरिट साध्या डब्यातही नीट जळते आणि वाईट स्पिरिट उत्तम बर्नरलाही काळे करून सोडते.

ज्यांच्या घरात पंप मारायचा पितळी स्टो होता त्यांना हे तंत्र नवे नाही. स्टो पेटवण्यापूर्वी त्याच्या बर्नरखालच्या वाटीत चमचाभर स्पिरिट जाळले जाई, किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा त्याला लावला जाई, म्हणजे बर्नर तापून वर येणाऱ्या रॉकेलची वाफ होत असे. ती वाटीच मोठी होऊन स्वतंत्र संसार करू लागली म्हणजे आजचा स्पिरिटचा स्टो झाला. त्यात पंप नाही, नळी नाही, पिन मारण्याची भानगड नाही आणि बिघडण्यासारखा एकही भाग नाही. स्वीडनमधल्या ट्रँगिया या कंपनीने वाऱ्याच्या आडोशासह असा स्टो 1951 मध्ये बाजारात आणला आणि त्याची मूळ रचना आजही जवळपास तीच आहे, यावरून त्यात सुधारायला किती थोडे उरले होते याची कल्पना यावी.

मात्र या साधेपणाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, आणि एक किलो इथेनॉल जळताना सुमारे 27 मेगाज्यूल उष्णता देते, तर गॅसच्या डब्यातले ब्युटेन-प्रोपेन सुमारे 45. म्हणजे वजनास वजन लावले तर स्पिरिट गॅसच्या निम्म्याहून थोडे वरचढ, एवढेच. तरीही छोट्या सहलीत स्पिरिट हलके पडते, आणि त्याचे कारण डब्यात आहे. 230 ग्रॅम गॅसचा डबा रिकामा असतानाच साधारण दीडशे ग्रॅम भरतो, आणि तो उघडला की अर्धा वापरूनही पूर्ण ओझे खाली आणावे लागते. स्पिरिट मात्र पाण्याच्या जुन्या बाटलीएवढ्या हलक्या बाटलीत लागेल तेवढेच नेता येते. दोन माणसे आणि दोन दिवस धरले तर मला अडीचशे मिलीलिटर पुरते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हिशेब गॅसच्या बाजूने झुकू लागतो. पण आपल्याकडचे ट्रेक तेवढे लांबतात कुठे?

आता इंधनाकडे वळते. नाशकात सर्वांत सहज मिळते ते डिनेचर्ड स्पिरिट. रविवार कारंजा आणि मेन रोडच्या पट्ट्यात रंग आणि हार्डवेअरची जी जुनी दुकाने आहेत तिथे लाखेचे पॉलिश करणारे कारागीर ते नेहमी नेतात, कारण चपडा त्यातच विरघळतो. मुळात हे उसाच्या मळीपासून काढलेले इथेनॉलच. ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी, कडू किंवा दुर्गंधी द्रव्य मिसळतात, आणि काही ठिकाणी रंगही घालतात. स्पिरिट महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949) कक्षेत येत असल्यामुळे मोठा साठा मागणाऱ्याकडे दुकानदार संशयाने पाहतो आणि ते योग्यच आहे. मी नेहमी अर्धा लिटर मागते.

पहिल्या खेपेला अशाच एका रंगाच्या दुकानात मला एकच प्रश्न विचारला गेला: "ताई, पॉलिशला पाहिजे का जाळायला?" तेव्हा मला तो चौकसपणा वाटला, आता त्या प्रश्नाचे मोल कळते. मी "कुठलंही चालेल" म्हणाले आणि दुसऱ्याच एका दुकानातून, स्वस्त पडते म्हणून, लेबल नसलेली बाटली घेऊन आले. घरी आल्यावर झाकण उघडताच थिनरचा उग्र दर्प आला. बर्नरमध्ये ते पिवळे जळू लागले, पातेल्याच्या बुडावर दोन मिनिटांत काजळी बसली, आणि विझल्यावर बर्नरच्या तळाशी बोटाला चिकटणारा तपकिरी थर राहिला. पॉलिशच्या कामातून उरलेले काहीतरी त्यात परत ओतलेले असावे. काउंटरवर परत गेलेली बाटली ती हीच. पैसे परत मिळाले नाहीत. बदल्यात रंग मिळेल असे सांगण्यात आले.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नवी बाटली घरी आल्यावर तपासते. स्टीलच्या बशीत एक चमचा स्पिरिट घ्यायचे, बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायची, खिडकी उघडी ठेवून दिवे मालवायचे आणि बशीतले पेटवायचे. चांगले स्पिरिट निळे जळते आणि फक्त ज्योतीच्या टोकाला किंचित पिवळी झाक दिसते. विझल्यावर बशी जवळपास कोरडी असावी. तळाशी पाण्याचे थेंब उरले तर स्पिरिटात पाणी जास्त आहे, डाग किंवा चिकटा उरला तर भेसळ आहे, आणि धूर डोळ्यांना झोंबला तर ते इंधन स्टोच्या कामाचे नाही. थोडे पाणी असणे मात्र दोष नव्हे. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने 95.6 टक्क्यांच्या पुढे शुद्ध होतच नाही, उरलेले पाणी त्याच्यासोबत उकळून वर येते. आणि काजळी कमी व्हावी म्हणून काही जण आपण होऊन दहा टक्क्यांपर्यंत पाणी मिसळतात. मी ते करून पाहिले. काजळी खरोखर कमी झाली, पण पाणी उकळायला दीड-दोन मिनिटे जास्त लागली, कारण आधी त्या पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्ची पडते. पातेले घासण्याचा कंटाळा असेल त्याने हा सौदा अवश्य करावा.

मिथेनॉल मी विकत घेतले नाही आणि कोणी फुकट दिले तरी घेणार नाही. परदेशात ते गाड्यांच्या दुकानात बाटलीबंद मिळते, अगदी स्वच्छ जळते आणि म्हणून तिकडच्या भटक्यांना ते आवडते. त्याची उष्णता मात्र इथेनॉलच्या तीन चतुर्थांश, म्हणजे त्याच चहाला जास्त ओतावे लागते. खरी भीती वेगळी आहे. ते शरीरात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूवर घाव घालते. अगदी थोडी मात्रा माणसाला आंधळे करू शकते. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलमुळेच. स्टोच्या निमित्ताने ते त्वचेवर सांडते, तंबूत त्याची वाफ कोंडते, आणि सॅकमध्ये ते पाण्यासारखेच पारदर्शक दिसते. डिनेचर्ड स्पिरिटमध्येही थोडे मिथेनॉल असू शकते. म्हणून स्पिरिट ओतल्यावर हात धुणे आणि जेवण करण्याच्या चमच्याने ते न मोजणे एवढे पथ्य मी पाळते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 99 टक्के शुद्धतेचे मिळते, सर्किट पुसण्यासाठी. कागदावर ते इथेनॉलपेक्षा जास्त उष्णता देते, म्हणून मला त्याचे फार आकर्षण होते. पण मिथेनॉलचा एक रेणू जळायला प्राणवायूचे दीड रेणू पुरतात, इथेनॉलला तीन लागतात आणि आयसोप्रोपिलला साडेचार. उघड्या तोंडाच्या बर्नरला एवढी हवा मिळत नाही. परिणामी ज्योत दिवाळीतल्या पणतीसारखी पिवळी, उंच आणि लवलवती होते, आणि माझे नवे अॅनोडाइज्ड पातेले एका चहात तव्यासारखे काळे झाले. घासणी, राख आणि लिंबू यांच्यासोबत मी अर्धा तास घालवला. ज्योत मोठी दिसते म्हणून उष्णता जास्त, असा समज करून घेऊ नये.

मेडिकलमध्ये मिळणारे सर्जिकल स्पिरिट कधी इथेनॉलचे तर कधी आयसोप्रोपिलचे असते, आणि बऱ्याचदा त्यात पाण्याचे प्रमाण मोठे असते. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचूनच ते घ्यावे, आणि अडचणीला वापरावे. 2020 पासून घराघरात साठलेल्या सॅनिटायझरचे काय करावे, असे मला दोघी-तिघींनी विचारले. त्यातल्या पातळ, फवाऱ्याच्या बाटल्या जळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत 80 टक्के इथेनॉल, किंवा 75 टक्के आयसोप्रोपिल, आणि थोडे ग्लिसरीन असते. त्यामुळे शेवटी बर्नरमध्ये चिकट पाणी उरते. जेलच्या रूपातले सॅनिटायझर तर ज्योत दिसू न देता हाताला चिकटून जळते. ते स्टोमध्ये घालूच नये. लग्नात बुफेच्या भांड्यांखाली जो जेलचा छोटा डबा पेटवतात, तो केटररकडून एक मागून घेऊन मी पाहिला. तो डबा हाच त्याचा बर्नर. वाऱ्याने सांडत नाही, तासनतास मंद जळतो, पण अर्धा लिटर पाण्याला त्याने नुसता घाम फोडला. भाजी गरम ठेवण्यासाठी तो जन्मला आहे आणि त्याने तेच करावे.

आता बर्नर. मी आधी घेतला तो ट्रँगियाच्या नमुन्यावर बेतलेला, नाव नसलेला पितळी बर्नर, 850 रुपयांचा. मुठीत मावणारी, दुहेरी भिंतीची ही पितळी डबी असते. मधल्या उघड्या तोंडातून स्पिरिट ओतायचे आणि पेटवायचे. सुरुवातीला फक्त मधला पृष्ठभाग जळतो. मिनिटभराने भिंती तापतात, दोन भिंतींमधल्या स्पिरिटची वाफ होते आणि कडेच्या बारीक छिद्रांतून ज्योती फुलतात. इथेनॉल 78 अंशांना उकळते, म्हणून बाहेरून काही न तापवता ही वाफ आपोआप तयार होते. ते फुलणे पाहण्यात एक आनंद आहे, हे मान्य केले पाहिजे. सोबत एक आट्यांचे झाकण असते, म्हणजे उरलेले स्पिरिट आतच ठेवून बर्नर सॅकमध्ये टाकता येतो, आणि एक सरकते झाकण असलेली कडी असते, ती वर बसवली की ज्योत मंद होते आणि पूर्ण सरकवली की विझते. ज्योत लहान-मोठी करता येणे हे या बर्नरचे मोठे बळ आहे. दोन तृतीयांश भरला तर मोठ्या ज्योतीवर वीस-पंचवीस मिनिटे, आणि अर्धे झाकण सरकवले तर त्याच्या कितीतरी जास्त वेळ तो जळतो. मुगाच्या डाळीची खिचडी मी फक्त याच्यावर शिजवू शकले.

माझ्या बर्नरची भिंत आणि तळ यांच्या सांध्यातून मात्र तिसऱ्या वापरात स्पिरिट पाझरू लागले. विक्रेत्याने फोटो मागवले, व्हिडिओ मागवला आणि मग उत्तर देणे बंद केले. तेव्हा मी तो घेऊन तांबट लेनमध्ये गेले, जिथे तांब्यापितळेच्या भांड्यांची ठोकाठोकी अजून ऐकू येते. एका वयस्कर कारागिराने बर्नर उजेडात फिरवून पाहिला, नखाने सांधा खरवडला आणि म्हणाले, "याला नुसता डाख लावलाय. डाख पाण्याच्या भांड्याला. आगीच्या भांड्याला पितळी झाळ लागते." डाख म्हणजे कथील-शिशाचा कच्चा जोड, झाळ म्हणजे पितळ वितळवून केलेला पक्का. झाळ द्यायला वेळ लागणार होता आणि मला शनिवारी निघायचे होते, म्हणून मी हट्टाने पुन्हा डाखच लावून घेतला. त्यांनी लावून दिला, पण "कोरडा जळू देऊ नका" असे दोनदा बजावले. आत स्पिरिट असेपर्यंत बर्नरच्या भिंती फार तापत नाहीत, कारण उकळणारे स्पिरिट त्यांना थंड ठेवते. स्पिरिट संपले आणि ज्योत कडेला रेंगाळली की मात्र धातू एकदम तापतो, आणि कथील-शिशाचा डाख तर 190 अंशांच्या आतच वितळतो. रविवारी सकाळी गप्पांच्या नादात बर्नर कोरडा जळला आणि सांधा पूर्ण उघडला. त्या कारागिरांकडे परत जाताना मला संकोच वाटला. त्यांनी काही न बोलता तो ठेवून घेतला आणि आठवड्याने झाळ देऊन परत केला. त्यानंतर वर्षभरात त्यातून थेंब गळलेला नाही. नवा बर्नर घेणाऱ्याने त्यात आधी पाणी भरून, झाकण लावून, कागदावर रात्रभर उलटा ठेवून पाहावा. कागद कोरडा राहिला तरच त्यात स्पिरिट घालावे.

दुसरी चूक माझीच. बर्नर विझल्यावर लगेच आट्यांचे झाकण लावले, तर झाकणाच्या आतला रबरी वायसर वितळून पितळेला चिकटला. विझवायचे असेल ते कडीच्या झाकणाने, आणि आट्यांचे झाकण हाताला बर्नर गार लागल्यावर.

दुसरा बर्नर घरी केलेला: शीतपेयाच्या दोन अॅल्युमिनियमच्या कॅनचे तळ कापून एकमेकांत बसवलेला आणि कडेला टाचणीने भोके पाडलेला. वजन पंधरा ग्रॅमसुद्धा नाही. पितळीपेक्षा तो लवकर फुलतो, कारण पत्रा पातळ असल्याने चटकन तापतो. पण ज्योत कमी करता येत नाही, उरलेले स्पिरिट ओतून काढता येत नाही, आणि धोडपच्या पायथ्याशी माझ्या पुतण्याने त्यावर पाय ठेवला तेव्हा तो पत्रावळीसारखा चपटा झाला. पुतण्या म्हणाला, "आत्या, दुसरा बनवू की!" आणि बनवलाही, ही सोय इतर कोणत्याही स्टोला नाही.

तिसरा म्हणजे माशाच्या छोट्या डब्याला वरच्या कडेखाली कागदाच्या पंचने दोन ओळींत भोके पाडून केलेला. याला वेगळी तिपाई लागत नाही: स्पिरिट पेटवायचे, अर्धा मिनिट थांबायचे, आणि पातेले थेट डब्यावर ठेवायचे, तोंड बंद झाल्यामुळे ज्योत बाजूच्या भोकांतून बाहेर पडते. एकट्याच्या चहासाठी मला हाच आवडला. वीस मिलीलिटरमध्ये अर्धा लिटर पाणी सात-आठ मिनिटांत उकळते आणि ज्योत आपोआप विझते. घाई करून पातेले लगेच ठेवले तर मात्र गार तळ ज्योतीचा गळा दाबतो आणि स्टो विझतो. शिवाय रुंद पातेले हवे; माझ्या उभट मगच्या बाजूने ज्योत वर गेली आणि मूठ वितळली. चौथा, आत कार्बनच्या नमद्याची वात असलेला, आडवा झाला तरी स्पिरिट सांडत नाही म्हणून महाग विकला जातो. ती गोष्ट खरी आहे. पण ज्योत मंदच राहते आणि विझल्यावर नमद्यात मुरलेले स्पिरिट वाया जाते.

हे आकडे माझ्या गंगापूर रोडवरच्या गॅलरीतले आहेत, आणि तिथे वारा नसतो. अर्धा लिटर पाणी 24 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण 155 किलोज्यूल लागतात आणि वीस मिलीलिटर स्पिरिटमध्ये जवळपास 400 असतात. म्हणजे गॅलरीतसुद्धा निम्म्याहून जास्त उष्णता हवेत जाते. हरिहरच्या माथ्यावर आडोसा न लावता मी पितळी बर्नर पेटवला तेव्हा पन्नास मिलीलिटर संपले आणि पाणी आंघोळीपुरते कोमट झाले. म्हणून आडोसा हा बर्नरचाच भाग समजावा. पोळ्या गुंडाळायची फॉइल फाटते. मी फरसाणाच्या मोठ्या डब्याचा पातळ पत्रा पातेल्याभोवती बोटभर जागा ठेवून वळवला आणि खालच्या बाजूला हवेसाठी भोके पाडली. भोके कमी पडली तर ज्योत पिवळी होते आणि डोळे चुरचुरतात. पितळी बर्नरच्या तोंडापासून पातेल्याचा तळ चार-पाच सेंटिमीटर वर असावा. त्याहून खाली आणले तर ज्योत गुदमरते. आणि पातेल्यावर झाकण हवेच. उंचीचाही थोडा फरक पडतो: नाशकात पाणी साधारण 98 अंशांना उकळते, कळसूबाईच्या 1646 मीटरवर 94-95 अंशांना. चहाला त्याने काही बिघडत नाही, तांदूळ मात्र कणी ठेवतो; म्हणून वर जाताना मी तांदूळ घरीच तासभर भिजवून, निथळून, डब्यात घेते.

डिसेंबरात निफाडकडच्या एका शेतात पहाटे पारा सहाच्या आसपास होता तेव्हा स्पिरिटने पेट घेण्यास सरळ नकार दिला. काडी त्यात बुडून विझली. 95 टक्के इथेनॉलवर पेटण्याइतकी वाफ साठायला साधारण 17 अंश तापमान लागते. तेव्हापासून थंडीत मी बाटली रात्री पांघरुणात घेऊन झोपते, झाकण दोनदा तपासून, आणि बर्नर पेटवण्यापूर्वी पाच मिनिटे मुठीत धरते. तेवढे पुरते.

सगळ्यांत मोठा धोका पुन्हा भरण्यात आहे. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. स्टो विझला असे समजून माणूस बाटली तिरकी करतो, ज्योत धारेवरून वर चढते आणि बाटलीतली वाफ भडकते. बर्नर विझला की नाही हे मी डोळ्यांनी ठरवत नाही: त्यावर हात उंच धरून ऊब पाहते, मग कडीचे झाकण टाकते, मग दहा मिनिटे थांबते, आणि तेव्हाही मोठ्या बाटलीतून न ओतता औषधाच्या मापी टोपणात काढून घेतलेले तीस मिलीलिटरच घालते. टोपण हातात असताना बाटली बंद करून दहा पावले लांब ठेवलेली असते. स्पिरिट पाण्यात मिसळते, त्यामुळे रॉकेलच्या आगीवर पाणी न टाकण्याचा नियम इथे लागू नाही. पण कपभर पाण्याने जळते स्पिरिट आधी पसरते, म्हणून जवळ ओला केलेला जाड पंचा ठेवावा. तंबूच्या आत तर पेटवूच नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाटलीबद्दल दोन गोष्टी. पाण्याच्या बाटलीसारखी दिसणारी बाटली नको, आणि अॅल्युमिनियमची तर मुळीच नको, कारण अल्कोहोल तिला हळूहळू खाऊ शकते. मी निमुळत्या तोंडाची जाड प्लास्टिकची बाटली घेतली, तिला लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि मराठीत "विष" असे लिहिले. ती रेल्वेत नेता येत नाही, तो गुन्हा आहे. एसटीतही ज्वालाग्राही माल चालत नाही. स्वतःच्या गाडीने घोटीमार्गे कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव गाठणाऱ्याला ही अडचण नाही, पण इगतपुरीला रेल्वेने जाणाऱ्याने वरच्या गावात कोणाच्या चुलीवर पैसे देऊन चहा करून घ्यावा. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत डोंगरावरचे गवत काडीसारखे कोरडे असते आणि वणवा लागायला वेळ लागत नाही, म्हणून त्या महिन्यांत मी स्टो फक्त उघड्या कातळावर पेटवते. अंजनेरी हे तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथल्या पठारावर फुलणारी कंदीलपुष्पाची एक जात त्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते. तिथे स्टो खालीच ठेवून थर्मास नेते.

आता सॅकमध्ये आहे तो झाळ दिलेला पितळी बर्नर, फरसाणाच्या डब्याचा आडोसा, आणि तपासून घेतलेले अडीचशे मिलीलिटर डिनेचर्ड स्पिरिट. एकटी जाते तेव्हा माशाचा डबा. त्या रंगाच्या दुकानात मी अजून जाते; "जाळायला," असे आधीच सांगते, आणि दुकानदार आता मागच्या फळीवरची सीलबंद बाटली काढून देतात.